वरचा आवाज कारभारणीकडं

माझा जन्म उंब्रजचा. बाप फौजेत, चुलता फौजेत, आन् आमच्या घरात पोरगं झालं की आधी त्याची छाती मोजायची, नाव मागनं ठेवायचं, अशी रीत. माझी छाती काय भरली न्हाई. भरतीला दोनदा गेलो, दोनदा परत आलो. बाप म्हणला नालायक, तेबी हिंदीत, म्हंजे रागाचा कळस. मग मी भोंगे घेतले. दोन भोंगे, एक मशीन, एक माईक, आन् तीस वर्सं साताऱ्यापास्नं सांगलीपातुर लगीन म्हणू नका, बारसं म्हणू नका, सोसायटीची निवडणूक म्हणू नका, सगळीकडं माझाच आवाज. काय सांगू तुमाला, लोक म्हणायचे, ह्याचा कान म्हंजे कान हाय. मीबी म्हणायचो. जास्त करून मीच म्हणायचो.

त्याच भोंग्यापायी मगदूम अण्णांची वळख झाली. सांगलीचे हळदीचे व्यापारी, लय शांत माणूस, गाण्याचा नाद. लेकीच्या लग्नात माझ्यापाशी तीनदा आले, म्हणले पाव्हण्यांचं बोलणं ऐकू येईना, जरा बारीक करा. मी तिन्ही वेळा बटणाला नुसता हात लावला, फिरवलं न्हाई. तिन्ही वेळा अण्णांनी बरं वाटलं म्हणून मान हलवली. तवा मला वाटलं, गिऱ्हाइकाला काय कळतंय.

पर आता भोंग्याला कोण इचारतंय? ट्रकभर खोकी लावून माणसाचं काळीज हादरवणारी पोरं आली, मी भोंगे विकले आन् घरी बसलो. बसवंना. मोबाइलवर बघितलं, घरात बसून ऐकायच्या स्पीकरचं किट मिळतंय, सुटे भाग येत्यात, खोकं आपण करायचं. मागवलं. खालच्या आवाजाला दोन मोठे स्पीकर, वरच्या आवाजाला रेशमी पडद्याचे दोन बारके ट्विटर, आन् मधी आवाजाची वाटणी करणारी पाटी, ह्यो तुझा, त्यो त्याचा. तलाठीच म्हणा, फक्त भांडणं न्हाईत. प्लायवूड मीच कापलं. आत लोकर भरा म्हणून कागदावर लिवलेलं, मेव्हणा जतला असतो, त्यानं धनगराकडनं पोतंभर धाडली. धुवायची असती हे मला काय ठावं. आठ दिवस घरात मेंढरं बसवल्यावानी वास. कारभारीण म्हणली, आवाज यायच्या आधी कळप आला.

चालू केलं आन् मी सवयीनं बाहेर पडलो. मांडववाल्याची तपासणी एकच, कुठवर ऐकू येतंय? तारळी नदीच्या पुलाकडं चालत निघालो तर चौथ्या घराला आवाज संपला. फेल, म्हणलं. परत आलो तर कारभारीण स्पीकरम्होरं खुर्ची टाकून बसलेली. म्हणली, आवं, ऐकायचं असंल तर जवळ या की, लांब कशाला पळताय. खरं सांगतो, तीस वर्सांत मी स्पीकरम्होरं कवा बसलोच नव्हतो, कायम भोंग्याच्या कडंला, मशीनपाशी.

बसलो. मला आवाज वाटला लय मऊ, घोंगडं टाकल्यागत. किटमधी रेझिस्टरच्या तीन जोड्या व्हत्या, खडूच्या तुकड्याएवढे पांढरे, ट्विटरला किती अडवायचं ते त्यावर ठरतं. मी सगळ्यात कमी अडवणारे लावले, आन् मग मला झांज कशी स्वच्छ. पर गाणारी बाई स म्हणली की कारभारीण डोळे मिटायची. कानात सुई घालताय का दाभण, म्हणली. मी म्हणलं, तुला काय कळतंय, कान माझा हाय. त्याच भरात अण्णांना फोन केला, स्पीकर केलेत, घ्या म्हणलं. अण्णा म्हणले, रविवारी घेऊन या, तासभर बसून ऐकावंसं वाटलं तर ठेवून घेतो. झालं, अण्णांनी ठेवले तर माझं नवं काम उभं राहणार, न्हाईतर मी घरी बसलेला भोंगेवाला.

शुक्रवारी जेवताना कारभारीण म्हणली, आवं, फ्रिजचं दार लावा, उघडं हाय म्हणून कवाचा बारीक टीं-टीं वरडतोय. मी म्हणलं, कोण? ती म्हणली, फ्रिज. मी उठून फ्रिजला कान लावला, गार हवा तेवढी लागली. तिनंच उठून दार लावलं. आता टोमणा मारंल म्हणून वाट बघितली, मारला न्हाई, तवा मला भ्या वाटलं.

शनिवारी सकाळी कराडला कानाच्या डॉक्टरकडं. काचेच्या खोलीत बसवलं, ऐकू आलं की बटण दाबा म्हणले. दाबत गेलो, दाबत गेलो, मग काय येईनाच, तपासणी संपली म्हणून मी हेडफोन काढाय लागलो तर काचेपल्याडची बाई हातानं सांगती, बसा, चालू हाय. कागदावरची रेघ निम्म्यापातुर सपाट, आन् म्होरं पाटणच्या पल्याड घाट उतरावा तशी खाली, म्हंजे वरचे बारीक आवाज गेलेले. डॉक्टरनं इचारलं, धंदा काय? म्हणलं, आवाजाचा.

येताना एसटीत मी म्हणलं, अण्णांना येत न्हाई म्हणून कळवतो. कारभारीण खिडकीतनं बघत व्हती. तशीच म्हणली, हात हायत न्हवं तुमचं? कान माझा घ्या.

दुपारी रेझिस्टरच्या तिन्ही जोड्या पाळीनं झाळून लावल्या. ती खुर्चीत, मी पाठीमागं. पयलीला मान हलली न्हाई, दुसरीला जरा हलली, तिसरीला म्हणली, आता गाणारी बाई श्वास घेती ते कळतंय. मला तर पार घोंगडं. तेच लावून रविवारी दोघांनी सांगली गाठली.

अण्णा डोळे मिटून बसले. चांगलं वाजतंय का वाईट, मला कळंना, जन्मात पयल्यांदा. मी अण्णांच्या तोंडाकडं बघून ऐकत व्हतो. तास होऊन गेला. मग डोळे उघडून म्हणले, वरचा आवाज लय नेमका ठेवलाय, कसं काय साधलं? माझा कान हाय, असं अगदी तोंडापातुर आलं बघा. खोटं कोण धरणार व्हतं? पर ती शेजारी बसलेली, मांडीवर हात ठेवून, खाली बघत. मी म्हणलं, अण्णा, मला ते ऐकूच येत न्हाई. हिनं लावलंय.

अण्णा तिच्याकडं वळून म्हणले, वहिनी, हे हितंच राहू द्या, आन् माझ्या भावाला असलीच एक जोडी करा. मला इचारलं बी न्हाई.

आता चौथी जोडी चाललीया. लोकर धुऊन घेतो. खोकं, तारा, झाळकाम माझं, वरचा आवाज कारभारणीकडं. भाकरी उरकली की खुर्चीत बसती, तिनं मान हलवली की मी झाकण लावतो. लोक म्हणत्यात, वाईट वाटत असंल. कशाचं? गेला त्यो कान लोकांच्या लग्नाकार्यात गेला, ती जोडपी सुखात राहोत. परवा एक जुनं गाणं लावलं व्हतं, त्याच्यात मागं लय बारीक घुंगरू वाजतंय, पूर्वी मला यायचं ऐकू. मी पाठीमागनं इचारलं, हाय का गं अजून? ती म्हणली, हाय.

म्हंजे हाय.