मागच्या सीटवरचं वजन

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक सासू आणि सून बसल्या होत्या. समोर त्यांची गाडी वर उचललेली होती.

"आई, वळणावर गाडी कलते ना, म्हणून मागे मी हा स्वे बार लावलाय. ही जाड दांडी गाडीला फार कलू देत नाही. आता मावशींकडे जाताना घाटात तुम्हाला मळमळणार नाही."

"मागच्या खेपेला अख्खा घाट मी पिशवीत तोंड घालून काढला. मी नाही येत. तिलाच इकडे बोलाव."

"मावशींना आता जिना तरी उतरवतो का?"

"नाही गं उतरवत. पण तू तर म्हणालीस, बार मीच बसवला. मग इथे कशाला आलो?"

"कुरकुरतोय."

"म्हणजे आपल्या घरातलाच झाला."

गाडीखालून मेकॅनिक बाहेर आला.

"ताई, बसवलाय बरोबर. पण चाकं अधांतरी असताना बोल्ट आवळलेत, म्हणून कुरकुरतोय. मी गाडी खाली घेतो. कोणीतरी मागे बसा, म्हणजे वजनावर आवळता येतील."

"मी बसते."

"तुझं कसलं वजन? फुंकर मारली तर उडशील. सरक, मी बसते."

"आई, नक्की?"

"गाडी उभीच आहे ना?"

थोड्या वेळाने मेकॅनिकने हात पुसले.

"झालं, आजी. उतरा आता."

"कशाला? एकदा उतरले तर परत चढायचा धीर व्हायचा नाही. सूनबाई, माझ्या बहिणीला फोन लाव. म्हणावं, मी निघाले."