‘सुरेखा’ बोटीची धक्क्यावरची लाईट बंद झाल्याबाबत

दि. १२ फेब्रुवारी २०२६, गुरुवार, सकाळी १०.४०

मी, सौ. सुरेखा शिरीष खातू, वय ५७ वर्षे, व्यवसाय घरकाम व शुक्रवारी मुलांना पेटी शिकवणे, मूळ गाव चिपळूण, सध्या राहणार अदलिया, बहरीन, पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते की, मी मराठीत बोलत असून दुभाषी झोहराबाई ते शब्दशः लिहून घेत आहेत. मला मधूनमधून हसू येत आहे. त्याचा अर्थ मी चेष्टा करते आहे असा घेऊ नये.

माझे पती शिरीष खातू हे इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत. त्यांनी चार वर्षांपूर्वी एक जुनी बोट घेतली व तिला माझे नाव दिले. मला बोट लागते. मी तिच्यात बसून एकदाही समुद्रात गेलेली नाही. बोट झल्लाक येथे खाजगी धक्क्याला बांधलेली असते. बोट ढकलणाऱ्या मागच्या पंख्याच्या दांड्यापाशी तिच्यात रोज चार-पाच बालद्या पाणी झिरपते. ते उपसायला तळात पंप आहे, पंपाला बॅटरी आहे आणि बॅटरी सतत भरलेली राहावी म्हणून धक्क्यावरच्या खांबातून लाईट घेतलेली आहे. हे सर्व मला आता पाठ आहे. तेव्हा मला एवढेच माहीत होते की खांबावर लाल बटण आहे.

आमची मुलगी कश्मिरा हिच्या लग्नासाठी आम्ही दि. ९ डिसेंबर रोजी पुण्याला निघालो. थंडीभर बोट एकटी राहणार म्हणून ह्यांनी चौदा कलमांचा सूचनाफलक करून, प्लास्टिकमध्ये घालून, केबिनच्या आत लावला. पहिलेच कलम असे की खांबावरचे बटण कोणीही बंद करू नये. ते इंग्रजीत आहे. शिवाय मी आत गेलेच नाही, बाहेर उभी होते.

विमानतळावर जाताना वाट वाकडी करून आम्ही बोट पाहायला गेलो. ह्यांनी केबल लावली, हिरवा दिवा दाखवला आणि गाडीकडे गेले. मी मागे राहिले. आमच्या घरात पद्धत अशी की गावाला निघताना शेवटची फेरी बाईने मारायची. गॅस, नळ, गीझर, मेन स्विच. बंद घरात लाईट चालू ठेवणे हे माझ्या सासूबाईंच्या लेखी दार उघडे टाकून जाण्यासारखे होते. मी लाल बटण खाली केले, त्यावर तीनदा बोट टेकवून ‘बंद, बंद, बंद’ म्हटले आणि फोनमध्ये फोटो काढला. फोटो काढते कारण एरवी विमानात मला शंका येते आणि मी ह्यांना गॅस बंद केला का असे विचारून भंडावते. त्या वेळी विमानात मी शांत झोपले.

दि. १ फेब्रुवारी रोजी व्याह्यांकडे सत्यनारायणाच्या जेवणात ह्यांना धक्क्यावरून फोन आला. ह्यांनी भर पंगतीत उभे राहून ‘सुरेखा बुडाली’ असे सांगितले. मी त्यांच्या शेजारीच शिरा खात होते. माझ्या विहीणबाईंनी मला दंडाला धरून चाचपून पाहिले. (एवढे लिहू नका असे मी म्हटले. जबाब घेणाऱ्या पोलीस साहेबांनी लिहा म्हणून सांगितले. साहेबही हसत होते.)

आम्ही दि. ४ रोजी परत आलो. बोटीचे शेपूट तळाला टेकले होते व खिडकीपर्यंत पाणी होते. बटण बंद सापडले. धक्क्याचे राखणदार ताहिरभाई, राहणार मूळ हर्णै, हे गेली एकोणीस वर्षे तिथे आहेत. त्यांनीच चहाच्या किटलीसाठी आमची जोडणी काढली असणार, अशी ह्यांनी दि. ५ रोजी फिर्याद दिली. त्यावर मीसुद्धा म्हणाले की लोकांना दुसऱ्याच्या वस्तूची किंमत नसते. हे मी म्हणाले, याची नोंद व्हावी. ताहिरभाईंचे काम गेले असून येत्या रविवारचे परतीचे तिकीट त्यांच्या हातात दिलेले आहे.

आज सकाळी मी लग्नाचे फोटो वेगळे काढत होते. हळदीच्या फोटोंच्या आधी गॅसचा फोटो आला, मग नळ, गीझर, मेन स्विच आणि त्यानंतर लाल बटण. बटणावर माझे बोट आहे आणि बोटात माझी पोवळ्याची अंगठी आहे. मी खाली बसले आणि पोट धरून हसले. घरात कोणी नव्हते. मग दुसरी गोष्ट आठवली आणि मी चप्पल घालून निघाले.

ती गोष्ट अशी. दि. १७ डिसेंबर रोजी, हळदीच्या दिवशी, ताहिरभाईंचा ह्यांच्या फोनवर फोन आला होता. तो मी घेतला. बोटीच्या मालकाला विचारल्याशिवाय राखणदाराने बटणाला हात लावायचा नाही असा तिथला नियम आहे. ते म्हणाले, वहिनी, बोटीची लाईट बंद दिसते, लावू का? माझे दोन्ही हात हळदीचे होते. मी म्हणाले, “अजिबात लावू नका. मी स्वतः बंद करून आले आहे. बंद घरात लाईट ठेवतं का कोणी?” ते बरं म्हणाले. मी पुढे बटण आणि हा फोन, दोन्ही साफ विसरले.

साहेबांनी धक्क्यावरच्या इतरांच्या जबाबांवरून मला आता सांगितले की, त्यानंतर ताहिरभाई दर शुक्रवारी बोटीत उतरून बालदीने पाणी काढत होते, कारण बालदीला नियम नाही. जानेवारीअखेर धक्क्याच्या मालकांनी त्यांना बारा दिवस मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपला पाठवले. तेवढ्यात बॅटरीही संपली आणि बोट बसली. साहेबांनी असेही सांगितले की ताहिरभाईंच्या जबाबात माझ्या फोनचा उल्लेख नाही. लाईट कोणी बंद केली ते माहीत नाही, एवढेच त्यांनी लिहून दिले आहे.

माझ्या विनंतीवरून ताहिरभाईंना फोन करून ठाण्यात बोलावून घेण्यात आले. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी त्यांना साहेबांसमोर विचारले की बाबा रे, एका शब्दात सुटला असतास, बोलला का नाहीस. ते म्हणाले, “वहिनी, लेकीच्या हळदीत बोललेला शब्द पोलिसात सांगायचा नसतो.”

यावर मला हसू आले नाही. झोहराबाईंनी लिहिणे थांबवले होते, ते पाणी पिऊन पुन्हा सुरू केले.

लाईट मी बंद केली. चालू करू नका असेही मीच सांगितले. ताहिरभाईंचा यात काडीचाही दोष नाही. फोटोची प्रत जोडली आहे. रविवारचे तिकीट रद्द व्हावे आणि त्यांना कामावर परत घ्यावे यासाठी हा जबाब साहेबांनी आजच्या आज धक्क्याच्या मालकांकडे पाठवण्याचे कबूल केले आहे. तो पाठवल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

मी निघताना फोन केल्यावरून माझे पतीही आले असून बाहेर बाकावर बसले आहेत. मी त्यांच्या फिर्यादीला दुजोरा द्यायला आले आहे असा त्यांचा समज आहे. हा जबाब त्यांना साहेबांनीच वाचून दाखवावा. मी सांगायला गेले तर मला पुन्हा हसू येईल. नंतर त्यांनी ताहिरभाईंची माफी मागावी, आणि त्यांच्या आधी मी मागितलेली आहे.

झोहराबाईंनी हे सर्व मला सावकाश वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे, कमीजास्त काही नाही, म्हणून खाली सही करते.

साहेबांच्या सांगण्यावरून सहीच्या वर एक ओळ वाढवत आहे. जबाब धक्क्याच्या मालकांकडे गेल्यावर, दुपारी १२.०५ वाजता मी ह्या बिनखिडकीच्या खोलीतून निघताना दाराजवळचे बटण बंद केले, त्यामुळे साहेब, झोहराबाई व ताहिरभाई अंधारात राहिले. मला विचारून ताहिरभाईंनी ते पुन्हा चालू केले.

सही/-
सौ. सुरेखा शिरीष खातू