ट्रॅक्टरच्या बॅटरीवरचा राउटर

सांगा भाऊ, भरवसा कोणावर ठेवायचा, लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर की शेजाऱ्यावर? आमच्या सिंदेवाहीच्या घरचा राउटर सारखा बंद पडायचा, अन् पोरीच्या इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस. इंटरनेटवाला फोनवर म्हणाला, "फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, बदला. पण मध्येच लाइट गेली, तर राउटर कायमचा मेला समजा."

वेळापत्रकात तेव्हा लाइट होती, पण मला धीर नव्हता. राउटरवर बारा व्होल्ट लिहिलेलं पाहिलं अन् शेजारच्या रामदासभाऊच्या ट्रॅक्टरची बॅटरी घडीभर मागून आणली. तार जोडली अन् लॅपटॉपवरून फर्मवेअर बदलायला लावलं. किती झालं ते दाखवणारी पट्टी अर्ध्यावर आली, तोच राउटरचे सगळे दिवे विझले अन् दारात रामदासभाऊ उभे.

"मेला ना तुमचा डबा? द्या आता बॅटरी. धानाची चिखलणी अडून राह्यली माही."

"हात नोका लावू भाऊ! पट्टी सरकून राह्यली अजून."

मग राउटरचा एकेक दिवा लागला, अन् शेवटचा लागतो न लागतो तोच डोक्यावरचा पंखा थांबला. वेळापत्रकाच्या तासभर आधीच लाइट गेली होती.

आता भाऊंनी बॅटरी नेली की राउटरही बंद. पोरगी कशीबशी बोलली, "काका, फॉर्म राह्यला..."

रामदासभाऊ उंबरठ्यावरच बसले. "भर वो पोरी. चिखल का पळून जाते?"

आता गावात सगळे माझ्या डोक्याची तारीफ करतात. तुम्ही हा किस्सा कुठी सांगाल, तर हिशोब इमानदारीनं ठेवा: बॅटरीची युक्ती माझ्या नावावर लिहा, पण पोरीला मिळालेली सीट रामदासभाऊच्या.