माझ्या जागेवरचा मल्लिनाथ

नाही, सरकारी कर्जावर मी आता बोलत नाही. का, ते ऐका.

तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना मी एकच सांगत आलो. कर्ज उतरवायचं तर सरकारनं कायमच्या नोकऱ्या देणं थांबवावं. जेवढं काम तेवढाच दाम, बाकी बाजार बघून घेईल. कुंभारी गावच्या मल्लिनाथनं परीक्षेत हे इतकं छान लिहिलं होतं, की मी त्याचा पेपर वर्गात वाचून दाखवला.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, परवा, कॉलेजनं मला भाषणाला बोलावलं. विषय होता सरकारी खर्चाची शिस्त. स्टाफरूममध्ये मल्लिनाथ भेटला.

"अरे, तू इथं कसा?"

"तुमचेच तास घेतो की, सर. तुमची जागा भरलीच न्हाय. मला तासाप्रमाणं पैसे देतात. सुट्टीत काय मिळत न्हाय."

मी विषय बदलला. म्हटलं, "लग्न वगैरे?"

तो हसला. "मुलीकडचे आधी विचारतात, पर्मनंट हाय का?"

मी चहाचा कप टेबलावर ठेवला. "मग मी चुकीचं शिकवलं का रे तुला?"

"तसं न्हाय सर. मीपण पोरांना तेच शिकवतो."

तेवढ्यात घंटा झाली. शिपाई मला सभागृहात न्यायला आला. मल्लिनाथनं वाकून नमस्कार केला आणि खडू उचलला.

"भाषणाला थांबलो असतो, सर. पण तास बुडाला की त्याचे पैसे मिळत न्हाईत."