उजेडाचा हुकूम

मंडळी, नामाला बसण्याआधी मला एक सांगा. घरच्या माणसाला खायला दिलं, ल्यायला दिलं, डोक्यावर छप्पर दिलं — म्हणजे सगळं दिलं का हो? माना डोलावू नका उगाच! ऐका आधी, मग डोलवा.

आमच्या सातारकडं एका तालुक्याच्या गावात रंगराव निगडे म्हणून गृहस्थ. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. निर्व्यसनी! एकादशी कधी चुकली नाही. निवृत्त झाले आणि चार खोल्यांचं घर बांधलं. वायरिंगला युनूसभाई — हाताला सफाई, तोंडाला गोडवा. निजायच्या खोलीत उभं राहून म्हणाला, "साहेब, इथं तीन बटणं देतो. एक दाराशी, पलंगाच्या दोन्ही अंगांना एकेक. दिवा कुठूनही लावा, कुठूनही विझवा!"

रंगराव खूश. पण कारकूनच तो — कलम तपासल्याशिवाय सही कशी करेल? म्हणाले, "थांब. मी विझवलेला दिवा हिनं तिच्या बटणानं लावला तर?"

"तर लागंल की साहेब!"

हसताय? रंगराव नाही हसले! "दोनच बसव," म्हणाले. "दाराशी एक आणि माझ्या अंगाला एक."

दारात चंद्राबाई उभ्या होत्या, त्यांची बायको. हातात चहाचा ट्रे. हळूच म्हणाल्या, "अहो, माझ्या बाजूला असतं तर... मी वाचते जरा, निजताना."

"वाचून कुठं परीक्षेला बसायचंय तुला?"

संपलं! युनूसभाईनं खाली बघून चहा घेतला.

या बाई चौथी शिकलेल्या. पोरं मार्गी लागल्यावर वाचनालयातून पुस्तक आणायच्या, पलंगावर बसून दोन पानं वाचायच्या. तेवढाच त्यांचा स्वतःचा वेळ! आणि नऊ वाजले की — टक! दिवा बंद. वाक्य अर्धं असो, शब्द अर्धा असो. "झोप आता." सहा महिन्यांनी बाईंनी पुस्तक आणणंच सोडलं. रंगरावांना काय वाटलं? वाटलं, बायको शहाणी झाली! अहो, माणूस आतून विझतो ना, तेव्हा आवाज होत नाही. म्हणून आपल्याला वाटतं, घरात शांतता आहे.

पुढं काय झालं? पौषात बाईंना ताप आला. दुपारी गोळी घेऊन झोपल्या. रंगराव गेले पेन्शनरांच्या सभेला. भाषण होतं त्यांचं — विषय 'सुखी संसार'! खोटं नाही सांगत!

दिवस मावळला. बाई जाग्या झाल्या तर खोलीत काळोख. उठल्या, भिंत चाचपत दाराकडं निघाल्या. पाय अडकला स्टुलात. पडल्या! खुब्याचं हाड मोडलं. दोन तास फरशीवर.

आता मला सांगा, पलंगावरूनच पलीकडं हात लांबवला असता, तर नवऱ्याचं बटण सापडलं नसतं? सापडलं असतं! पण त्या अंगाला हात न्यायचा नसतो, हे त्या हाताला इतकं पाठ झालं होतं, की तापाच्या ग्लानीतसुद्धा तो तिकडं गेला नाही. मंडळी, याला म्हणतात संसार?

ऑपरेशन झालं. बाई घरी आल्या, त्या पलंगालाच खिळल्या. रंगरावांनी स्वतः जाऊन युनूसभाईला आणलं. नवी भिंत फोडली, पाइप टाकला, तिसरं बटण बसलं. जाता जाता युनूसभाई म्हणाला, "काकू, आता दिवा तुमच्या हातात." बाई नुसत्या हसल्या.

संध्याकाळ झाली. रंगराव पायथ्याशी बसलेले. बाईंचा हात बटणापाशी गेला, थांबला. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं.

"लावू का?"

रंगराव चटकन पुढं सरकले. "अगं, विचारतेस काय? तुझंच आहे ते!"

"बरं," म्हणाल्या. लावला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा — "लावू का?" तिसऱ्या दिवशी — "विझवू का?" रंगराव चिडले, समजावलं, एकदा तर हात जोडले. "नको गं विचारूस!" बाई ओशाळून म्हणायच्या, "चुकलं. राहत नाही लक्षात." टोमणा नव्हता हो तो! टोमणा असता तर रंगरावांना सोसला असता. बाई खरंच विचारत होत्या. जगल्या त्या अजून चार वर्षं. एकदाही न विचारता दिवा लावला नाही.

भिंत फोडता येते, मंडळी. वायर ओढता येते. चाळीस वर्षं वाकवलेलं मन कुठला वायरमन सरळ करणार?

ओ पुढच्या रांगेतले, आता का नाही हसत? टाळ वाजवाल, बुक्का लावाल, माझ्या पाया पडाल. माझ्या नका पडू! घरी जा, आणि घरातल्या बाईला विचारा, "तुला काय हवंय?" ती म्हणेल, "काही नको." लगेच सुटल्यासारखे उठू नका! तिथंच बसा. ती 'काही नको' म्हणायला कधी शिकली, कोणी शिकवलं, ते आठवत बसा. आणि ते आठवलं, तरच देवाचं नाव घ्यायला तोंड उघडा.