रिकाम्या डब्यांचा फराळ

मंडळी, ऐका. टाळ जरा खाली ठेवा, एक प्रश्न आहे. तोंडानं 'आमची माणसं, आमची माणसं' म्हणत राहिलं, की माणसं आपली होतात का? – आजोबा मान डोलावतायत. होतात म्हणतात! आजोबा, तुम्ही निवडणुकीला उभे राहा. बाकीच्यांनी आख्यान ऐका.

एका औद्योगिक वसाहतीत पाण्याचे पंप बनवणारा कारखाना होता. मालक रत्नाकर देवचके. तयार माल वेळेवर गाडीत चढवून रवाना करण्याचं काम मंदाकिनी खैरनारकडे. दर दिवाळीत तिथे फराळाचा मेळावा भरायचा. मालक फराळ द्यायचे? छे! कामगारांनी घरून डबे भरून आणायचे. मग मालकांच्या घरून काय यायचं? फलक! भिंतभर लांब – 'आपण सारे एक कुटुंब'. फलक तळून खाता आला असता, तर कुणाची तक्रार नव्हती.

त्या वर्षी मंदाकिनीच्या लेकीचा पहिला दिवाळसण होता. पाडव्याला लेक-जावई येणार. मंदाकिनीचा नवरा वारलेला, दारात उभं राहून 'या' म्हणायला तिच्याशिवाय घरात कुणी नाही. तिनं आधीच जाऊन विचारलं.

"साहेब, पाडव्याला रजा हवी होती."

"मंदाताई, आधी मेळावा दणक्यात होऊ दे. तुमचे ते अनारसे आणा. मग बघू. घरचीच माणसं ना आपण?"

'मग बघू'! मंडळी, मालकाच्या तोंडच्या या दोन शब्दांवर माणसं आयुष्य काढतात. मंदाकिनीनंही विश्वास ठेवला. तांदूळ भिजवले, वाळवले, कुटले, गुळात पीठ मुरवलं. खसखशीवर एकेक अनारसा थापून मंद आचेवर तळला. आईनं दिलेल्या पितळी डब्यात भरून नेले.

वसुबारसेला मेळावा झाला. कसा? साहेबांचे सोयरे आणि दोस्त खुर्च्यांवर, आणि कुटुंब? कुटुंब वाढायला उभं! पाहुणे उठले. आता आपण दोन घास खाऊ म्हणून माणसं पुढे सरकली, तोवर ड्रायव्हरनं डबे गाडीत भरले. साहेब म्हणाले, "वाया नको जायला. बंगल्यावर पाठवतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे परत आले. फाटकाशी ढीग घातलेला. रिकामे, खरकटे, तळाला मुंग्या. अहो, शेजारणीची वाटी परत देताना आपण काय करतो? ताई, तुम्ही सांगा. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतो, पण भांडं रिकामं देत नाही. हे झोपडीत कळतं, बंगल्यात का कळत नाही?

वर साहेबांचं फर्मान आलं. "उद्या मोठी गिऱ्हाइकं येतायत. डबे पुन्हा भरून आणा."

"साहेब, माझी रजा?"

"पाडव्याला माल जायचाय, ताई. कुटुंबात असं स्वतःपुरतं बघून कसं चालेल?"

मंदाकिनीनं फाटकाशी जाऊन ढिगातून आपला डबा काढला. नळाशी बसून आईचा डबा घासायला घेतला. शेजारी डबा घासणाऱ्या बाईनं विचारलं, "उद्या काय आणणार गं?"

"आला तसाच आणणार. घासून, एवढंच."

आधी सगळे हसले. मग हसायचे थांबले आणि एकमेकांकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पांढरी चादर, त्यावर लखलखीत डबे. पाहुण्यांत सुशीलाबाई होत्या, पंपांचं मोठं दुकान चालवणाऱ्या. साहेबांनी ऐटीत पहिलं झाकण उघडलं. रिकामा! दुसरं उघडलं. रिकामा! पितळी डबा उघडला, त्यात चिमूटभर साखर.

"हा काय प्रकार आहे?"

"तुमच्या घरून आले तसेच डबे आणलेत, साहेब," मंदाकिनी म्हणाली. "भांडं रिकामं देऊ नये म्हणून माझ्या डब्यात साखर घातली. तुमच्याकडून घालायची राहिली होती."

सुशीलाबाईंनी पुढे होऊन साखर तोंडात टाकली. "देवचके, तुमच्या घरून काय आलंय?" साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नजर गेली कुठे? फलकावर!

मंदाकिनीनं डबा उचलला. "पाडव्याला मी येणार नाही, साहेब." रजा मागितली नाही हं, मंडळी. सांगितली! पाडव्याला ती दारात उभी होती, आणि जावयाच्या पानात ताजे अनारसे होते.

नोकरी गेली का? नाही गेली. साहेबांना लाज वाटली म्हणून? अहो, कसली लाज! सुशीलाबाई दर फोनला विचारायच्या, "खैरनारबाई आहेत ना?" गिऱ्हाईक जाईल ही भीती. लाज नसेल तिथे देव भीतीवर भागवतो.

हसलात? हसा. आता मागे वळून बघा. मंडपामागे सकाळपासून चुलीपुढे बसून तुमचा महाप्रसाद रांधणाऱ्या बाया आहेत. आख्यानातला एक शब्द त्यांच्या कानावर पडलेला नाही. त्यांना तुम्ही काय म्हणता? 'आपल्याच आहेत त्या.' ऐकलंय मी, मघाशी उत्सवाच्या अध्यक्षांच्याच तोंडून.

तेव्हा आज पहिली पंगत त्यांची. वाढायला अध्यक्ष, खजिनदार आणि या पुढच्या रांगेतली पांढरी धोतरं. उठा, पदर खोचता येत नसेल तर उपरणं खोचा. त्या जेवून हात धुतील, मग आरती. तोवर वीणा माझ्या गळ्यात आहे, आणि मी इथून हलत नाही.