आमच्याकडे दोन आहेत

अगं, आमच्या ईराचं पक्ष्यांचं वेड तुला माहीतच आहे. गेल्या उन्हाळ्यात दर रविवारी ती मला इथे जर्मनीत एर्लांगेन गावाबाहेर पक्षी बघायला न्यायची. दहा वर्षांची पोर, पण जर्मन फाडफाड बोलते. माझं जर्मन आपलं दुकानापुरतं.

एकदा कुणाच्यातरी बागेतल्या झाडावर तिला दोन 'माइझं' दिसले. माइझं म्हणजे पिवळ्या पोटाचा, चिमणीएवढा पक्षी. मी दुर्बीण लावून बघत होते, तर घरातून एक आजोबा तरातरा बाहेर आले आणि म्हणाले, "तुमच्याकडे माइझं आहे का?"

मला वाटलं, पक्षीप्रेमी दिसतात. म्हटलं, "गेनाऊ, अगदी बरोबर. दोन आहेत."

ते माझ्याकडे बघतच राहिले. माझं जर्मन चुकलं असेल म्हणून मी दोन बोटंही दाखवली.

ईरा लाल झाली. "आई, जर्मनमध्ये 'माइझं आहे का' म्हणजे 'डोकं फिरलंय का'. तुझी दुर्बीण त्यांच्या खिडकीवर रोखलेली आहे."

मग ती त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. आजोबांनी मान डोलावली आणि चक्क फाटक उघडलं.

"काय सांगितलंस गं त्यांना?"

"म्हटलं, तिचं फिरलंय खरं, पण ती कुणाला त्रास देत नाही."